नागासाकीची वखार

नागासाकीला जाणारे बहुतेक लोक अणुबॉम्ब संग्रहालय आणि शांती उद्यान पाहतात आणि परतीची गाडी धरतात. तिथं गेलंच पाहिजे. पण मला नागासाकीला ओढून नेलं ते देजिमाने, आणि त्याचं कारण माझ्या गावात आहे. मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे डचांची वखार आहे, १६३७ साली घातलेली. मी पाहत आलो ती बिनछपराची, जाड भिंती तेवढ्या उभ्या असलेली. शाळेत तिच्याबद्दल एवढंच सांगितलेलं की इथे डच व्यापारी राहत. ते कुठून आले, काय घेत, काय विकत, इथून माल कुठे जाई, यातलं काही नाही. पुढे वाचनात आलं की त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीची एक वखार जपानात होती, ती दोनशेहून जास्त वर्षं चालली आणि नागासाकी शहराने ती जागच्या जागी पुन्हा उभी केली आहे. माझा भाचा फुकुओकाला नोकरीला आहे, म्हणून हे जाणं जमलं.

जाण्याआधी वहीत सनावळी मांडून बघितली आणि मीच थक्क झालो. नागासाकीचं बंदर पोर्तुगीजांना खुलं झालं १५७१ च्या सुमारास. त्यांची जहाजं गोव्याहून निघत, मलाक्का आणि मकाव करत नागासाकीला पोचत. मकावला चिनी रेशीम भरत आणि नागासाकीत त्याची चांदी करत. व्यापाराबरोबर पाद्री आले, ख्रिस्ती धर्म पसरला आणि जपानचा लष्करी सत्ताधीश, शोगुन, सावध झाला. पोर्तुगीजांना गावापासून वेगळं ठेवायचं म्हणून १६३४ ते १६३६ या काळात खाडीत भराव घालून एक बेटच तयार केलं, ते देजिमा. त्याच १६३६ साली डचांच्या जहाजांनी गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी सुरू केली. नाकेबंदीच्या जहाजांना पाणी, धान्य आणि मुक्कामाला जागा लागते, ती वेंगुर्ल्याला मिळाली. आदिलशाही मुलूख, गोव्यापासून जवळ. १६३९ ला शोगुनने पोर्तुगीजांना जपानातून कायमचं बाहेर काढलं. १६४१ च्या जानेवारीत डचांनी मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी हिरादो बंदरातलं त्यांचं ठाणं हलवून त्यांना रिकाम्या देजिमावर बसवण्यात आलं. म्हणजे वेंगुर्ल्याची वखार आणि देजिमाची वखार यांमध्ये चार वर्षांचं अंतर. गोवा ते नागासाकी हा एकच मार्ग पोर्तुगीजांच्या हातून सुटत होता, आणि आमचं गाव त्या हालचालीत होतं. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

नागासाकी स्टेशनासमोरून ट्राम पकडली की तिसरा थांबा देजिमा. उतरल्यावर समोर समुद्र नाही. आजूबाजूला कचेऱ्या, रस्ता, रहदारी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला बंदर सुधारताना भोवतीचा समुद्र बुजवला गेला आणि बेट शहराच्या पोटात गेलं. जपान सरकारने १९२२ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं, पण तेव्हा वर दिसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. नगरपालिकेने १९५१ पासून आतल्या खाजगी जागा विकत घ्यायला सुरुवात केली आणि हे काम पन्नास वर्षं चाललं. पहिल्या पाच इमारती २००० साली उभ्या राहिल्या, पुढच्या पाच २००६ ला, आणखी सहा २०१६ ला. माहितीफलकावरच्या त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून उभा होतो. जागा घेण्यातच एक पिढी निवृत्त झाली असणार, आणि तरी काम पुढच्या पिढीने सोडलं नाही.

आत जायचं ते नव्या पुलावरून. जुना दगडी पूल जेमतेम साडेचार मीटरचा होता. १८८८ साली नाकाशिमा नदीचं पात्र रुंद करताना तो गेला, आणि बेटाची शहराकडची बाजूही कापली गेली. १३० वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरात पूल पुन्हा झाला, तो आता पोलादी आणि कितीतरी लांब आहे. बेटाकडच्या जमिनीत अवशेष आहेत, तिथे पाया खणून चालणार नव्हतं. म्हणून पुलाचा भार शहराकडच्या काठावर घेतला आहे. त्या टोकाला वजन ठेवून पूल तोललेला आहे आणि देजिमाच्या मातीवर त्याचा भार जवळजवळ येत नाही. मी इंजिनियर नाही, पण जुन्या वास्तूशी कसं वागावं हे मला तिकीट काढायच्या आधीच कळलं.

मी गेलो तेव्हा तिकीट ५२० येन होतं. आत आल्यावर पहिली जाणीव होते ती आकाराची. बेट पंख्याच्या आकाराचं, क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस मीटर, म्हणजे पावणेचार एकर. आमच्याकडे एखाद्या बऱ्यापैकी आंबेवाल्याची बाग याहून मोठी असते. एवढ्या जागेत दहा-पंधरा डच माणसं राहत. त्यांचा वरिष्ठ, डॉक्टर, कारकून, कोठारांवरचे लोक. परवानगीशिवाय पुलापलीकडे पाऊल टाकायचं नाही. बायकामुलं आणायची नाहीत. जपानी बायकांपैकी फक्त मारुयामा भागातल्या गणिकांना आत प्रवेश. आणि ही जागा त्यांच्या मालकीची नव्हतीच. नागासाकीच्या २५ व्यापाऱ्यांनी खर्च करून बेट बांधलं होतं आणि कंपनी त्यांना वर्षाला ५५ कान चांदी भाडं भरत असे, म्हणजे सुमारे २०० किलो. जगभर किल्ले बांधणारी, बेटंच्या बेटं गिळणारी ही कंपनी इथे भाडेकरू होती, आणि पहारेकऱ्याला विचारून दाराबाहेर पडत होती. आमच्या इतिहासात युरोपी कंपन्यांची जी गोष्ट आपण वाचतो, तिच्या शेजारी ही ठेवून बघावी.

वखारीच्या वरिष्ठाचं घर सगळ्यात देखणं. जपानी लोक त्याला 'कापितान' म्हणत. बाहेरून हिरव्या कठड्याचा जिना, आत जपानी चटया अंथरलेल्या आणि त्यांच्यावर युरोपी टेबलखुर्च्या, भिंतींना नक्षीचा जपानी कागद. जेवणाच्या दालनात नाताळचं जेवण मांडून ठेवलं आहे. ख्रिस्ती सण साजरा करायला बंदी, म्हणून ते हिवाळ्यातल्या मोठ्या रात्रीच्या दिवसाचं निमित्त करून जेवत आणि जपानी अधिकाऱ्यांनाही बोलावत. बहुतेक प्रेक्षक इथे सर्वांत जास्त वेळ थांबतात. मी म्हणेन, हे घर झटकन बघा आणि कोठारांकडे वळा. वखार म्हणजे काय ते कोठारांत कळतं.

जहाज येण्याचा सगळा क्रम तिथे लागतो. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, निघालेली जहाजं नैर्ऋत्य वाऱ्यावर जुलै-ऑगस्टच्या सुमारास येत. आमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवायचे दिवस, तेच त्यांचे येण्याचे दिवस. टेकडीवरून पहारेकऱ्यांनी खूण केली की नागासाकीच्या प्रशासकाची माणसं आणि दुभाषे होड्यांतून जहाजाकडे जात. माणसांची यादी वाचून एकेकाची हजेरी. बंदुका आणि दारूगोळा उतरवून घ्यायचा. बायबल आणि धर्माची पुस्तकं पिंपात घालून पिंपाला खिळे ठोकायचे, ती परत जाताना उघडायची. मग पश्चिमेकडच्या पाणदरवाज्यातून माल आत. हा दरवाजा आता पुन्हा बांधलेला आहे. त्याला दोन तोंडं आहेत, एक येणाऱ्या मालासाठी, एक जाणाऱ्या. तिथून पुढे तराजू. मोठ्या लाकडी चौकटीला टांगलेला काटा, पोत्यांची रास, शेजारी बसून लिहिणारा कारकून, त्याच्यासमोर बसून तेच लिहिणारा जपानी कारकून. वजन दोघांच्या वहीत सारखं पडल्याशिवाय पोतं हलायचं नाही. मग नागासाकी, क्योटो, साकाई, ओसाका, एदो (आजचं टोकियो) या गावांचे व्यापारी बोली लावत. नवव्या चांद्र महिन्याच्या विसाव्या दिवसापर्यंत जहाजाने बंदर सोडलंच पाहिजे असा हुकूम. उरलेलं वर्षभर पुढच्या जहाजाची वाट.

आत येणाऱ्या मालात सुरुवातीला कच्चं रेशीम, मग साखर. साखरेची पोती एका कोठारात रचून ठेवली आहेत. जावाची, बंगालची साखर इथे उतरायची, देजिमावरच्या गणिकांना आणि अधिकाऱ्यांना भेट म्हणूनही साखरच मिळे. जेवणात गोड कमी पडलं की 'नागासाकी लांब पडलं' असं अजून तिथली जुनी माणसं म्हणतात, हे आमच्या मार्गदर्शकाने सांगितलं. ते सत्तरीच्या पुढचे, निवृत्तीनंतर इथे येऊन माहिती देणारे गृहस्थ होते, आणि भाचा मध्ये बसून दुभाषाचं काम करत होता. शेजारी पतंग नावाच्या झाडाचं लाकूड, लाल रंगासाठी. हरणांची कातडी. तलवारीच्या मुठीवर चढवायची वागळी माशांची खरखरीत कातडी. लवंगा, मिरी.

आणि कापड. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील सुती कापडाला जपानात इतका मान होता की त्याचे तुकडेसुद्धा जपून ठेवत, चहाच्या सोहळ्यातल्या भांड्यांच्या पिशव्या त्यांच्या शिवत. गुजरातेतल्या कुठल्याशा छिप्याने वर्षभर अंगावर घालायला केलेलं कापड क्योटोतल्या चहागुरूने पिढ्यान् पिढ्या पेटीत ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. मार्गदर्शकांनी एक नाव घेतलं आणि मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. चाउजिमा. पोर्तुगीजांच्या काळापासून जपानात येणारं पातळ रेशमी कापड, हाकामा, म्हणजे किमोनोवर नेसायचा घेरदार पायघोळ, शिवायला वापरत. नंतर क्योटोचे विणकर ते स्वतः विणू लागले. चाउ म्हणजे चौल, आपल्या अलिबागजवळचं. चौलला आज रेशमाचे माग नाहीत, नारळी-पोफळीच्या बागा आहेत. मी चौलला कैक वेळा गेलो आहे, रेवदंड्याच्या तटावर बसलो आहे, आणि हे मला नागासाकीत कळलं.

बाहेर जाणारा माल तांब्याच्या कोठारात. माझ्यासाठी देजिमाचा गाभा हाच. पहिल्यांदा डच इथून चांदी नेत. १६६८ साली शोगुनने त्यांना चांदी न्यायला बंदी केली आणि तांब्याचं महत्त्व वाढलं. ओसाकात शुद्ध केलेल्या तांब्याच्या वीतभर लांबीच्या कांड्या, झळझळीत लाल, लाकडी खोक्यात भरलेल्या. एका खोक्यात १०० किन, म्हणजे ६० किलो. खोकं उचलून बघायची सोय आहे का म्हणून भाच्याने विचारलं, नव्हती. हे तांबं कुठे जाई? थोडं युरोपात. बरंचसं भारतात: सुरत, कोरोमंडल, बंगाल, मलबार. आपल्याकडे नाण्यांना तांबं लागे, भांड्यांना लागे, आणि त्यातला मोठा वाटा या बेटावरून आला. त्या तांब्याच्या पैशातून कंपनी भारतात कापड घेई, ते कापड देऊन मसाल्याच्या बेटांवर मसाला घेई, आणि युरोपातून सोनंचांदी कमी आणावी लागे. आशियातल्या बंदरांची एकमेकांत चाललेली ही देवघेव हाच कंपनीचा खरा धंदा, हे वाचून माहीत होतं, पण त्या लाल कांड्या बघितल्यावर ते डोक्यात पक्कं बसलं. जपान्यांनाही कळत होतं की खाणी अशाने रिकाम्या होतील. १७१५ च्या हुकुमाने डचांना वर्षाला दोन जहाजं आणि १५ लाख किन तांबं अशी मर्यादा घातली, १७९० ला जहाज एकच केलं. २१८ वर्षांत मिळून सहाशेहून जास्त डच जहाजं इथे लागली, त्यातली जास्त पहिल्या शंभर वर्षांतली.

कोठारातून बाहेर आलो तेव्हा भाचा एका चिनीमातीच्या ताटलीसमोर थांबला होता. मधोमध कंपनीची तीन अक्षरं एकमेकांत गुंतवलेली. मला म्हणाला, "मामा, हयसर बघ. आपल्या वखारीत पण ह्योच शिक्को असतलो." असणारच. उत्खननात इथे मातीच्या चिलमी निघाल्या, बाटल्या, बैलांची आणि डुकरांची हाडं, बिनचेहऱ्याच्या रोजच्या जगण्याचं सगळं. त्यांतलं प्रत्येक काचेमागे आहे, कुठल्या थरातून निघालं ते लिहून.

दुभाष्यांबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे. देजिमा म्हटलं की झीबोल्टचं नाव येतं, जर्मन डॉक्टर, १८२३ ला आला, जपानी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवलं, आणि नकाशे बाहेर नेण्याच्या प्रकरणात १८२९ ला हद्दपार झाला. त्याच्याआधीचे डॉक्टर केम्फर आणि थुनबर्ग. तिघंही थोर. पण या वखारीला दोन शतकं बोलतं ठेवलं ते नागासाकीच्या दुभाषी घराण्यांनी. बापाकडून मुलाकडे जाणारं काम, शिकाऊ पासून थोरल्या दुभाष्यापर्यंत पायऱ्या, शेवटच्या काळात शंभराच्या वर माणसं. ती वजनं लिहून घेत, भांडणं मिटवत, डॉक्टरांबरोबर बसून औषधं शिकत. जहाज आलं की जगाची बातमी डचांकडून काढून घ्यायची आणि जपानीत लिहून एदोला पाठवायची हे त्यांचं काम. फ्रान्समधली क्रांती शोगुनला १७९४ मध्ये या मार्गाने कळली. अमेरिकन जहाजं येणार आहेत ही बातमी १८५२ साली, ती यायच्या आदल्या वर्षी, इथूनच गेली. कोपर्निकसचं मत जपानी भाषेत आणलं ते मोतोकी र्‍योएई या दुभाष्याने. योशिओ कोग्यू हा दुभाषा इतका जाणता वैद्य होता की १७७४ च्या जपानी शरीरशास्त्राच्या ग्रंथाला त्याची प्रस्तावना आहे. मोठा डच-जपानी शब्दकोश वखारीचा वरिष्ठ हेंड्रिक दूफ याने दुभाष्यांना घेऊन सुरू केला आणि तो परत गेल्यावर दुभाष्यांनी १८३३ मध्ये पुरा केला. प्रदर्शनात त्यांच्यासाठी असलेली जागा मला अपुरी वाटली. एक पूर्ण इमारत त्यांच्या नावे हवी, असं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आलो.

दूफचं नाव आलंच आहे. १८१० ला नेदरलंड्स नेपोलियनने फ्रान्सला जोडून टाकला, १८११ ला बटाव्हिया इंग्रजांच्या हाती गेलं. देशाचा झेंडा देशातच उरला नाही. देजिमावर तो फडकत होता. जावाचा इंग्रज गव्हर्नर रॅफल्स याने १८१३ आणि १८१४ ला जहाजं पाठवून वखार ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, दूफने ती दिली नाही. त्या काळात आपलं जहाज येत नाही, पगार नाही, लोणी नाही, कपडे विरलेले. नागासाकीच्या अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी या मूठभर माणसांना उधारीवर जगवलं. याच्या थोडंच आधी, १८०८ मध्ये, फेटन नावाचं इंग्रज लढाऊ जहाज डच झेंडा लावून बंदरात घुसलं होतं, दोन डच माणसं ओलीस धरून रसद मागून घेतली, आणि अडवायला पुरेशी शिबंदी नव्हती म्हणून नागासाकीच्या प्रशासकाने, मात्सुदाइरा यासुहिदे याने, स्वतःचा प्राण दिला. त्यानंतर दुभाष्यांना इंग्रजी शिकायचा हुकूम झाला. या सगळ्या गोष्टी तिथे छोट्या पाट्यांवर आहेत. घाईतली माणसं त्या ओलांडून जातात. ओलांडू नका.

बाहेर पडायच्या आधी मूळ बेटाची हद्द पायी चालून बघितली. जमिनीत खुणा बसवल्या आहेत. काही ठिकाणी जुन्या तटाचे दगड उघडे ठेवले आहेत, आणि नवे रचलेले कुठले, जुने कुठले ते सांगितलं आहे. मला राहून राहून वेंगुर्ला आठवत होतं. आपल्याकडे पैसा कमी आहे हे मान्य. पण देजिमात मला जे सर्वांत भावलं त्याला पैसा फारसा लागत नाही: एक नकाशा, ज्यात वेंगुर्ल्यापासून बटाव्हियापर्यंत आणि तिथून देजिमापर्यंत रेषा काढलेली आहे. वेंगुर्ल्याच्या डचांनी पाठवलेल्या पत्रांत शिवकालाच्या बातम्या आहेत, इतिहासकार त्या वापरतात. त्यातली दोन पत्रं मराठीत, मोठ्या अक्षरात, वखारीच्या भिंतीपाशी लावली तर गावातल्या प्रत्येक मुलाला कळेल की आपण कुठल्या जगाच्या मध्ये उभे आहोत. मी हे गावात बोलायला सुरुवात केली आहे. शाळेतल्या दोन शिक्षकांनी नकाशा काढून द्यायचं कबूल केलं आहे, पत्रांच्या भाषांतराचं काम मी शोधतो आहे. कुणाला सतराव्या शतकातली डच वाचता येत असेल तर त्यांनी आमच्याशी जोडून घ्यावं.

निघताना मार्गदर्शकांना विचारलं, पुढे काय करणार आहात? त्यांनी शांतपणे सांगितलं की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होत्या त्या सगळ्या, म्हणजे २५ इमारती उभ्या करायच्या आहेत, आणि चारही बाजूंनी पाणी परत आणायचं आहे. मी रस्त्याकडे बोट केलं. ट्राम जात होती, मोटारींची रांग होती. "हे हलवावं लागेल," ते म्हणाले, "वेळ लागेल."